आयपीव्ही६ साठी पैसे मागायचे तर हिशेब असा मांडा

वित्त विभागासमोर आयपीव्ही६ चा, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा, प्रस्ताव नेणार असाल, तर पहिली स्लाइड आधी उडवा. तीच ती, जुन्या आयपीव्ही४ पद्धतीचे 'पत्ते संपले' असं सांगणारी. संपले हे खरंच आहे: जगभरच्या पत्त्यांचं वाटप पाहणाऱ्या आयानाचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये आटला, युरोप आणि आसपासचं वाटप पाहणाऱ्या राइप एनसीसीचा नोव्हेंबर २०१९ मध्ये. पण समोरचा विचारतो, "मग इतकी वर्षं आपलं चाललंय कसं?" प्रश्न रास्त आहे. चाललंय ते नॅटच्या, म्हणजे अनेक यंत्रं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे लपवण्याच्या युक्तीच्या, जिवावर, आणि नॅटपायी होणारा बराचसा खर्च कुठल्याच बिलावर त्या नावाने छापून येत नाही. तो शोधून काढणं, हेच खरं काम. मी नेटवर्कवाला, पण असा प्रस्ताव करताना माझा बहुतेक वेळ जुनी बिलं आणि तिकिटं चाळण्यात जातो.

सोप्या आकड्यापासून सुरुवात करा. अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा एडब्ल्यूएस १ फेब्रुवारी २०२४ पासून स्वतः दिलेल्या प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे तासाला ०.००५ डॉलर आकारतं, पत्ता वापरात असो वा नुसता पडून असो. वर्षाचे ४३.८० डॉलर, दोनशे पत्त्यांचे ८,७६०. रक्कम छाती दडपवणारी नाही, पण ती बिलात स्वतंत्र दिसते, म्हणून तिच्यावर कुणी वाद घालत नाही. जे पत्ते कुणीतरी विसरलेल्या टेस्ट सर्व्हरवर लटकलेत ते आजच सोडा, आणि ती बचत प्रस्तावात धरू नका. त्यासाठी नवा प्रोटोकॉल लागत नाही, हे लेखापालाला बरोबर कळतं. क्लाउडमध्ये नॅटचं काम करणाऱ्या नॅट गेटवेचं मात्र धरा. त्याचं भाडं तासावर आणि शिवाय त्यातून गेलेल्या प्रत्येक जीबीवर पडतं. आयपीव्ही६ च्या एग्रेस-ओन्ली गेटवेला (आतून बाहेर जोडणी करू देणारा, बाहेरून आत नाही) असं वेगळं भाडं नाही, डेटा बाहेर नेण्याचा नेहमीचा दर तेवढा लागतो.

यापेक्षा मोठी रक्कम माणसांच्या वेळात मुरलेली असते. दोन कंपन्या एकत्र आल्या आणि दोघींचं अंतर्गत नेटवर्क १०.०.०.० या एकाच खासगी पत्त्यांच्या गटातलं निघालं, की दुहेरी नॅट, डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) कसरती आणि 'तुमच्याकडून दिसतंय, आमच्याकडून नाही' असे फोन सुरू होतात. ग्राहकाशी व्हीपीएन जोडतानाही तेच. गेल्या वर्षाची तिकिटं काढून 'ओव्हरलॅप', 'नॅट', 'रीनंबरिंग' (पत्ते बदलणं) हे शब्द शोधा, तास मोजा, मनुष्यबळ विभागाकडून तासाचा दर घ्या आणि गुणाकार करा. शंका असेल ते तिकीट गाळा. मुद्दाम कमी धरलेला आकडा बैठकीत टिकतो.

आता उलट बाजू, आणि ती लपवू नका. ड्युअल स्टॅक, म्हणजे दोन्ही पद्धती एकत्र चालवणं, म्हटलं की फायरवॉलचे नियम दोन, मॉनिटरिंग दोन, बिघाड शोधायच्या जागाही दोन. सुरुवातीला खर्च वाढतोच. बचत होते ती आयपीव्ही४ बंद केल्यावर, म्हणून ते कुठे आणि कधी बंद होणार याची तारीख नसलेला प्रस्ताव मी तरी मंजूर करणार नाही. अंतर्गत नेटवर्क फक्त आयपीव्ही६ वर, जुन्या जगाशी बोलायला कडेला नॅट६४ आणि डीएनएस६४ हे दुभाषे, फक्त आयपीव्ही४ च समजणाऱ्या हट्टी अ‍ॅपसाठी ४६४एक्सलॅट हा आणखी एक: हे शेवटचं चित्र पहिल्याच पानावर हवं.

सगळ्यात कमी अंदाज चुकतो तो राउटरचा, सगळ्यात जास्त कंपनीतच लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा. डेटाबेसमध्ये आयपीचा रकाना बऱ्याचदा आयपीव्ही४ पुरता, पंधरा अक्षरांचा असतो. आयपीव्ही६ पत्ता पूर्ण लिहिला तर ३९ अक्षरं होतात. परवानगीच्या याद्या, लॉग वाचणाऱ्या स्क्रिप्ट, लायसन्स सर्व्हर, सगळीकडे हेच गृहीतक दडलेलं असतं. डेव्हलपरांकडून अंदाज लेखी घ्या. प्रशिक्षणाचा खर्च त्यामानाने किरकोळ.

'काहीच केलं नाही तर?' या रकान्यात शून्य लिहू देऊ नका. विंडोजमध्ये व्हिस्टापासून आयपीव्ही६ मुळातच चालू असतं, म्हणजे ते तुमच्या नेटवर्कमध्ये आहेच, फक्त त्यावर कुणाचं लक्ष नाही. स्विचवर आरए गार्ड (राउटर असल्याच्या खोट्या घोषणा अडवणारी सोय) नसेल तर एखादं भलतंच यंत्र स्वतःला राउटर म्हणवून वाहतूक आपल्याकडे वळवू शकतं. कंपनीचं आयफोन अ‍ॅप असेल तर ॲपल १ जून २०१६ पासून ते आयपीव्ही६-ओन्ली नेटवर्कवर चालायलाच हवं म्हणतं, हेही त्याच रकान्यात.

मागणी लहान ठेवा: आधी सार्वजनिक वेबसाइट आणि पाहुण्यांचं वायफाय. उपकरणांसाठी वेगळे पैसे मागू नका, ठरलेल्या बदलीच्या वेळीच ती येऊ द्या. त्यासाठी खरेदीच्या अटींत एक ओळ घाला: 'आयपीव्ही४ पूर्ण बंद असताना उपकरणाची सर्व कामं, व्यवस्थापन, लॉगिंग आणि अपडेटसह, चालली पाहिजेत.' नुसतं 'आयपीव्ही६ सपोर्ट' प्रत्येक माहितीपत्रकात छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर आलं, तर निदान या ओळीवर सही घेऊनच बाहेर पडा. तिला बजेट लागत नाही.