साउथ फोर्क क्लबचा इतिहास कसा अभ्यासावा

पेनसिल्व्हेनियातील ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’चा इतिहास जाणून घ्यायचा असेल, तर अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक अशा धनाढ्य सभासदांच्या नावांपासून नव्हे, १८८९ मध्ये फुटलेल्या त्याच्या धरणापासून सुरुवात करावी. ते मुळात राज्य सरकारने कालव्याच्या पाण्यासाठी बांधलेले मातीचे धरण होते. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या क्लबने ते नौकाविहार आणि मासेमारीसाठी दुरुस्त करून घेतले.

त्यानंतर धरणातील एकेक फेरफार तपासावा. तळाचे विसर्गाचे लोखंडी पाइप आधीच्या मालकाने भंगारात विकले होते आणि क्लबने ते पुन्हा बसवलेच नाहीत, त्यामुळे जलाशय रिकामा करून डागडुजी करण्याची सोयच उरली नाही. बग्ग्यांच्या वाटेसाठी माथाही खाली घेतला गेला. माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा सांडव्यावरील जाळ्यांचा आहे: मासे निसटू नयेत म्हणून त्या लावल्या होत्या आणि ३१ मे १८८९ च्या अतिवृष्टीत त्यांतच ओंडके व पालापाचोळा अडकून पाणी तुंबले.

धरण फुटून खालच्या जॉन्सटाउन शहरात व परिसरात २,२०९ माणसे दगावली. न्यायालयात मात्र क्लबवर जबाबदारी निश्चित झाली नाही. प्रत्यक्ष जाणे शक्य असल्यास धरणाची उरलेली दोन टोके पाहावीत आणि मग जॉन्सटाउनच्या ग्रँडव्ह्यू दफनभूमीत, ओळख न पटलेल्या ७७७ जणांच्या नावाविना उभ्या शिळांपाशी थांबावे.