न्यूरो, बायोमेड की मटेरियल्स? आधी दिवसभर हाताने काय करणार ते बघा

बीएस्सी थर्ड इयर नाहीतर एमएस्सीला असलेल्या मुलामुलींचे मेसेज येतात, त्यात फिरून फिरून एकच प्रश्न असतो, ताई न्यूरोसायन्सला स्कोप आहे का, का बायोमेडिकल घेऊ, का मटेरियल्स, आणि सोबत कुठल्यातरी बातमीची लिंक, मेंदूत चिप बसवली, जीन एडिटिंगने बाळ वाचलं, नवा सुपरकंडक्टर सापडला वगैरे. मी मूळची केमिस्ट्रीवाली, डोंबिवलीची, सध्या पीएचडीच्या शेवटाकडे, आणि काम आहे मेंदूतले विजेचे सिग्नल टिपायला आत घालतात त्या इलेक्ट्रोडवरच्या कोटिंगचं. म्हणजे दोन नाही तर तीन डगरींवर पाय. त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकते, प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा येतो.

स्कोपचा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. बातमीत दिसतो तो शेवट, आणि तुमची पाच-सहा वर्षं जाणार असतात त्याच्या आधीच्या कामात, जे कोणी दाखवत नाही. त्यामुळे विषय निवडताना नाव बघू नका, त्या विषयात माणूस सकाळी दहा ते रात्री आठ नक्की करतो काय ते बघा आणि ते काम आपल्याला रोज झेपेल का, आवडलं नाही तरी निदान चीड तरी येणार नाही ना, हे स्वतःला विचारा.

उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा आला, फ्लायवायर म्हणतात तो. १,३९,२५५ न्यूरॉन म्हणजे मेंदूतल्या पेशी आणि पाच कोटींच्या वर सिनॅप्स म्हणजे त्यांच्यातले जोड, कुठला न्यूरॉन कुठे जोडलाय ते सगळं. ऐकायला भारी. पण ते झालं कसं, तर खसखशीएवढ्या मेंदूचे हजारो अतिपातळ काप, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांचे फोटो, मग एआयने त्यातून एकेक न्यूरॉन वेगळा काढला आणि एआय जिथे चुकलं तिथे शेकडो माणसांनी स्क्रीनसमोर बसून हा तुकडा ह्याचा, तो त्याचा असं दुरुस्त केलं. त्याच्या कितीतरी आधीचा, अख्ख्या मज्जासंस्थेचा असा पहिला नकाशा म्हणजे सी. एलिगन्स नावाच्या किड्याचा, ३०२ न्यूरॉनचा, १९८६ साली छापलेला, आणि तो तर माणसांनी हाताने फोटो बघून बघून केला होता. तर हे न्यूरोसायन्स म्हणजे माउस, मॉनिटर आणि पायथनमधलं कोडिंग. त्याच न्यूरोसायन्समध्ये दुसरी मुलगी उंदराच्या मेंदूचे काप ऑक्सिजन सोडलेल्या द्रावणात जिवंत ठेवून काचेच्या बारीक नळीने एकेका पेशीचा करंट मोजत असते, आणि काप दुपारी चारला मेला की दिवस संपला, उद्या परत पहिल्यापासून. तिसरा माणूस उंदरांना भूलभुलैयात सोडून व्हिडिओ काढतो. तिघंही स्वतःला न्यूरोसायंटिस्ट म्हणतात पण एकाची नोकरी दुसऱ्याला दिली तर पंधरा दिवसांत पळेल.

बायोमेडमध्ये पण तेच. आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे नेक्सकार-१९, आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून उभी केलेली, रक्ताच्या कॅन्सरवरची भारतातली पहिली कार-टी सेल थेरपी, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पेशंटच्या रक्तातल्या टी पेशी काढायच्या, व्हायरसच्या मदतीने त्यांच्यात एक जीन घालायचा म्हणजे त्या, कॅन्सर झालेल्या बी पेशींवरचं सीडी-१९ नावाचं प्रोटीन ओळखायला लागतात, मग त्या वाढवायच्या आणि परत पेशंटला द्यायच्या. परदेशात याला कोट्यवधी रुपये लागतात, इथे ते लाखांत आलं. हे वाचून ज्यांना खारघरला टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये जायचंय त्यांनी एवढं समजून घ्या की रोजचं काम सेल कल्चर आहे, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवणं. पेशींना सुट्टी नसते. गणपतीत पण कोणीतरी जाऊन मीडिया, म्हणजे पेशींचं खाद्य, बदलावाच लागतो, आणि इन्क्युबेटरमध्ये बुरशी शिरली की महिन्याभराचं काम ऑटोक्लेव्ह करून फेकून द्यावं लागतं, पावसाळ्यात तर ही भीती कायम.

आता माझं. मेंदू लई मऊ असतो, त्याचा कडकपणा अंदाजे एक किलोपास्कलच्या आसपास, आणि नेहमीच्या इलेक्ट्रोडची सिलिकॉनची सुई शंभर गिगापास्कलच्या वर, म्हणजे कोट्यवधी पटीने कडक. माणूस श्वास घेतो, मान हलवतो, तेव्हा मेंदू कवटीत थोडा हलतो आणि ही कडक सुई आतमध्ये घासत राहते, मग मेंदूतल्या ग्लिया नावाच्या मदतनीस पेशी तिच्याभोवती जमून जखमेवर धरते तशी खपली धरतात आणि काही महिन्यांत सिग्नल कमी कमी होत जातो. युटा अ‍ॅरे म्हणून शंभर सुयांचा एक जुना प्रसिद्ध इलेक्ट्रोड आहे, त्याची हीच अडचण. म्हणून आता बारीक लवचिक पॉलिमरचे धागे आले. न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसाच्या मेंदूत इम्प्लांट बसवला त्यात ६४ धागे आणि १०२४ इलेक्ट्रोड होते, आणि काही आठवड्यांत त्यातले बरेचसे धागे मेंदूतून मागे सरकून बाहेर आले, कंपनीने पुढे सॉफ्टवेअर सुधारून निभावलं. कडक घातला तर खपली, मऊ घातला तर जागेवर राहत नाही. ह्या अडचणीवर औषध न्यूरोवाल्यांकडे एकट्यांकडे नाही, मटेरियलवाल्यांकडे पण एकट्यांकडे नाही, म्हणून मला हा विषय आवडतो.

पण माझा दिवस कसा जातो? प्लॅटिनमचे पृष्ठभाग साफ करा, त्यावर पेडॉट नावाच्या वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा थर द्या, एक किलोहर्ट्झला इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजा, मग ते मिठाच्या बफरमध्ये ३७ डिग्रीला बुडवून ठेवा, काही सॅम्पल मुद्दाम जास्त तापमानाला ठेवा म्हणजे लवकर म्हातारे होतील, आणि ठरलेल्या दिवशी परत मोजा. कोटिंग सुटलं का, सुटलं तर कुठून सुटलं. बास. मेंदू मी महिनोन्‌महिने बघत पण नाही, उंदरांचं काम दुसरी लॅब करते आणि त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी, तिचे फॉर्म, तिच्या मिटिंगा. कोणी लग्नात विचारलं की काय करतेस तर आई सांगते मेंदूवर रिसर्च करते, आणि मी गप्प बसते कारण बीकरवर रिसर्च करते म्हटलं तर लोकांना कळणार नाही.

मटेरियल्सवाल्यांना एक वेगळी सवय लावून घ्यावी लागते, ती म्हणजे संशयाची. जुलै २०२३ मध्ये कोरियातून एलके-९९ चा पेपर आला, खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणारा पदार्थ, तोही साध्या दाबाला. आठवडाभर जगभर धुमाकूळ. आपल्या दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत पण लगेच बनवून बघितलं, नाही दिसली सुपरकंडक्टिव्हिटी. ऑगस्टमध्ये उलगडलं की रेझिस्टन्स अचानक पडतो तो त्यातल्या कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे, साधारण १०४ डिग्रीला त्याची रचनाच बदलते. म्हणजे जगभर चर्चा झालेल्या गोष्टीचं उत्तर एका अशुद्धीत होतं जी एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरणांनी रचना तपासतात त्या चाचणीच्या, पॅटर्नमध्ये दिसते, जर बघणाऱ्याला बघायचं असेल तर. तेच अल्झायमरमध्ये, २००६ चा नेचरमधला एक अतिशय गाजलेला पेपर फोटोंमधल्या फेरफारामुळे २०२४ मध्ये मागे घेतला गेला, अठरा वर्षं लोक त्याचा हवाला देत होते. म्हणून पेपर वाचताना अ‍ॅबस्ट्रॅक्टवर विश्वास ठेवून पुढे जाऊ नका, आधी आकृत्या बघा, मग कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी काय ठेवलंय, ते बघा, मग एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, नक्की कशाची मोजलीय ते, कारण तीन उंदरांतल्या तीनशे पेशी मोजून एन तीनशे लिहिणारे महाभाग भरपूर आहेत. तो एन तीनच आहे.

एआयबद्दल पण विचारतात, की आता सगळं कंप्युटरच करणार तर आम्ही काय करणार. डीपमाइंडच्या अल्फाफोल्ड नावाच्या एआयने वीस कोटींहून जास्त प्रोटीनचे आकार वर्तवले आणि २०२४ चं केमिस्ट्रीचं अर्धं नोबेल त्या कामाला गेलं, ते खरंच मोठं काम आहे, त्यात वाद नाही. पण २०२३ मध्ये त्याच डीपमाइंडने ३ लाख ८० हजार नव्या स्थिर स्फटिकांची यादी दिली तेव्हा जाणत्या केमिस्टांनी तपासून सांगितलं की यात खरंच नवीन आणि उपयोगी असं फार थोडं आहे. यादी कंप्युटर देतो हो, भट्टी आपल्यालाच लावावी लागते. कोडिंग शिकाच, पण भट्टीवाले पण लागणार आहेत.

आता दाराची, म्हणजे पीएचडीच्या प्रवेश परीक्षांची गोष्ट, कारण इथेच मुलं जास्त गोंधळतात. विषय तिन्ही एकमेकांत मिसळलेत पण परीक्षा अजून जुन्याच कप्प्यांत आहेत. सीएसआयआर नेटमध्ये न्यूरोसायन्स नावाचा पेपर नाही, मटेरियल्सचा पण नाही, लाइफ सायन्सेस, केमिकल, फिजिकल, अर्थ आणि मॅथ्स एवढेच. गेटमध्ये मात्र बायोमेडिकल इंजिनिअरिंग, बायोटेक, लाइफ सायन्सेस, मेटलर्जी असे वेगवेगळे आहेत, आणि एक्सई पेपरमध्ये मटेरियल्स सायन्सचा सेक्शन घेता येतो. टीआयएफआरच्या, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, बायोलॉजीची परीक्षा वेगळी, तिथे पाठांतर कमी आणि हा डेटा बघून काय म्हणाल असे प्रश्न जास्त, आणि फिजिक्सची मुलं पण तिथून बायोलॉजीत जातात. माझं म्हणणं, ज्या विषयाची डिग्री आहे त्याच दाराने आत शिरा आणि आत गेल्यावर शेजारच्या खोलीत डोकवा. मला एका ठिकाणी इंटरव्ह्यूला विचारलं होतं, केमिस्ट्री करून मेंदूत कशाला नाक खुपसतेस, मी इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर चार्ज कसा जातो ते फळ्यावर काढून दाखवलं, पाच मिनिटांत ते नाकाचं विसरले. स्वतःचा बेसिक विषय पक्का असला की दुसऱ्याच्या घरात जायला लाज वाटत नाही.

मुंबईत राहून हे सगळं करणं तसं सोपं आहे, फक्त लोकलचा पास पाहिजे. कुलाब्याला टीआयएफआर, जिथे ओबैद सिद्दिकींनी १९६२ मध्ये मॉलिक्युलर बायोलॉजीचं युनिट सुरू केलं आणि पुढे फळमाश्यांच्या मज्जासंस्थेवर काम केलं. परळला तर एका स्टेशनात किती संस्था, हाफकिन, प्रजनन आरोग्यावर काम करणारी एनआयआरआरसीएच, केईएमच्या आवारात रक्तावर काम करणारे इम्युनोहीमॅटॉलॉजीवाले. हो आणि बॉम्बे ब्लड ग्रुप, १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला तो, मुंबईतच. माटुंग्याला केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आयसीटी, ड्रग डिलिव्हरीत म्हणजे औषध हव्या त्या जागी पोचवण्यात रस असेल तर नक्की बघा, २०२५ मध्ये अमेरिकेत एका बाळाला फक्त त्याच्यासाठी बनवलेली जीन एडिटिंगची ट्रीटमेंट दिली ना, तिच्यात एडिटर लिव्हरपर्यंत नेला तो लिपिडच्या नॅनोकणांनी, म्हणजे शेवटी हमाली मटेरियलनेच केली. पवईला आयआयटीत तर सगळंच, शिवाय तिथल्या सैफ नावाच्या मोठ्या उपकरणांच्या केंद्रात बाहेरच्या कॉलेजची मुलं पण पैसे भरून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी वगैरे करून घेऊ शकतात, हे अर्ध्या कॉलेजांना माहीतच नसतं. अधूनमधून रविवारी सकाळी पृथ्वी थिएटरला टीआयएफआरचा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम, चाय अँड व्हाय, असतो, तिथे जा आणि नंतर बोलणाऱ्याला गाठून प्रश्न विचारा, कोणी खात नाही.

लॅब मिळायच्या आधीसुद्धा घरी बसून करण्यासारखं खूप आहे आणि फुकट आहे. फ्लायवायरचा डेटा ब्राउझरमध्ये उघडतो, मटेरियल्स प्रोजेक्टवर स्फटिकांची माहिती मिळते, प्रोटीन डेटा बँक आहे, फोटो मोजायला इमेजजे आहे. एखादा न्यूरॉन पकडा, तो कोणाकोणाशी जोडलाय ते बघा, दोन पानं लिहा. मग प्रोफेसरला मेल करताना आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट अबाउट न्यूरोसायन्स असलं लिहायची वेळ येत नाही, ही दोन पानं जोडा आणि त्यांच्या एका पेपरातल्या एका आकृतीबद्दल एक खरा प्रश्न विचारा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढची लॅब. सायन्स अ‍ॅकॅडमीच्या समर फेलोशिपचे फॉर्म साधारण नोव्हेंबरपर्यंत असतात, उन्हाळा आला की जागं होऊन उपयोग नाही.

पैशाचं स्पष्ट सांगते कारण घरी हाच पहिला प्रश्न येतो. जानेवारी २०२३ पासून पीएचडीची जेआरएफ फेलोशिप महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ ४२,०००, वर नियमाप्रमाणे घरभाडं. हॉस्टेल मिळालं तर मुंबईत आरामात निघतं, नाही मिळालं तर पवईत भाड्याने राहायचा विचार सोडा, कांजूरच्या पलीकडे कुठेतरी रूम शेअर करा किंवा माझ्यासारखा घरून डबा. फेलोशिप वेळेवर येईलच असं नाही, दोन-तीन महिन्यांची एकदम येते कधीकधी, तेवढी गंगाजळी आधीच ठेवा. आणि नेट पास झालो एवढ्यावर पेढे वाटू नका, जेआरएफसकट पास की जेआरएफशिवाय ते बघा, दुसऱ्यात महिन्याचे पैसे नाहीत.

शेवटचं, लॅब नक्की करायच्या आधी गाइडशी बोलणं होतंच, पण तिथल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सिनिअरला कँटीनमध्ये एकटं गाठा. सुट्टी मागितली की सर काय म्हणतात, मशीन बंद पडलं तर किती दिवसांनी दुरुस्त होतं, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं, मधेच सोडून गेले त्यांचं काय झालं. उत्तर द्यायच्या आधी तो सिनिअर दाराकडे बघायला लागला तर दुसरी लॅब शोधा.