अर्थशास्त्रात बी. ए. झाल्यावर दिशा कशी ठरवावी

पहिला निर्णय नोकरीच्या नावाचा नसून पदव्युत्तर शिक्षणाचा असतो, कारण अर्थशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्या बहुतेक जागांना बी. ए. पुरत नाही. भारतीय अर्थ सेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो, मात्र तिला बसण्यासाठी अर्थशास्त्रातील वा संलग्न विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. याउलट, पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय घेतलेला असेल, तर भारतीय सांख्यिकी सेवेचे दार उघडते, याकडे अनेकांचे लक्षच जात नाही. बँकांतील परिविक्षाधीन अधिकारी आणि राज्यसेवा यांना कोणतीही पदवी चालते, त्यामुळे तिथे स्पर्धा सर्वांशीच असते.

पुढे शिकायचे असल्यास पुण्याची गोखले संस्था, मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग किंवा रिझर्व्ह बँकेने गोरेगावात स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था यांचा विचार करावा. परंतु प्रवेश परीक्षेआधी कलनशास्त्र आणि रेषीय बीजगणित पक्के करावे, कारण कला शाखेचे विद्यार्थी अडखळतात ते इथेच.

थेट खासगी क्षेत्रात जायचे असेल, तर प्रमाणपत्रे गोळा करण्यापेक्षा एक काम पूर्ण करून दाखवावे, असे माझे मत आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची, म्हणजे रोजगार-बेरोजगारीच्या सरकारी पाहणीची (PLFS), विदा (डेटा) मोफत उतरवून घ्यावी, महाराष्ट्राच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात आणि ग्रामीण व शहरी महिलांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्या महिलांचे प्रमाण, काढावा. प्रत्येक नोंदीचा भारांक, म्हणजे ती नोंद लोकसंख्येतील किती जणांच्या वतीने आहे तो आकडा, लावायला मात्र विसरू नये, अन्यथा उत्तर फसवे येते, आणि मुलाखतीत जाणकार नेमके तेच विचारतो.