मॉडेलरला पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर जोडताना या चुका टाळा

मॉडेलर म्हणजे गिटारचे अ‍ॅम्प, स्पीकर आणि इफेक्ट यांची डिजिटल नक्कल करणारा डबा, आणि पॅच म्हणजे त्यात साठवलेला एक आवाज. हेडफोनवर झकास वाजणारा पॅच मंगल कार्यालयाच्या स्टेजवर गेला की एकतर गोधडीआडून आल्यासारखा येतो, नाहीतर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. मग मॉडेलरला नावं ठेवली जातात, तो विकून वरचं मॉडेल घेतलं जातं, आणि आवाज तसाच राहतो.

गिटारचा स्पीकर म्हणजे चहाची गाळणी. साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचं तो फारसं पुढे जाऊ देत नाही. डिस्टॉर्शनचा चोथा तिथेच अडकतो. ही गाळणी साखळीत एकदाच लागते. ती मॉडेलरच्या आत असेल, म्हणजे कॅब ब्लॉक (कॅब म्हणजे गिटार स्पीकरचं खोकं) किंवा आयआर (खऱ्या कॅबच्या आवाजाचा साठवलेला नमुना) चालू असेल, तर बाहेरचा स्पीकर सपाट हवा: पीएचा (हॉलच्या ध्वनियंत्रणेचा) टॉप, मॉनिटर किंवा एफआरएफआर, म्हणजे फुल रेंज फ्लॅट रिस्पॉन्स, म्हणून विकला जाणारा डबा. बाहेर खरा गिटार कॅब असेल तर आतला कॅब बंद. खाली सांगितलेल्या निम्म्या चुका या एका गोष्टीचा निर्णय न घेतल्यामुळे होतात.

कॅब दोनदा लागला, किंवा लागलाच नाही

आवाज दबका, चिखलात रुतल्यासारखा येत असेल तर कॅब दोनदा लागलाय. उलट मधमाशांचं पोळं उठल्यासारखा चरचरीत येत असेल तर एकदाही लागलेला नाही. तपासायला दहा सेकंद पुरतात: वाजवता वाजवता कॅब ब्लॉक चालू-बंद करून बघा.

स्टेजवर गिटार कॅब आणि मिक्सरला थेट लाइन, असं दोन्ही हवं असतं तेव्हा सिग्नल कॅब ब्लॉकच्या आधी फोडायचा. एक फांदी कॅबमधून मिक्सरकडे, दुसरी कॅबशिवाय पॉवर अ‍ॅम्पकडे. एचएक्स स्टॉम्पसारख्या छोट्या मॉडेलरमध्येही हे जमतं: एक फांदी सेंड जॅकवरून काढून, किंवा डावं आउटपुट मिक्सरला आणि उजवं अ‍ॅम्पला देऊन. दुसऱ्या पद्धतीत स्टिरिओ सोडावं लागतं, पण इथल्या बहुतेक हॉलमध्ये पीए तसाही मोनोच चालतो. जमेल तिथे मॉडेलरची मोठी व्हॉल्यूम नॉब फक्त स्टेजच्या आउटपुटला लावून ठेवा. नाहीतर तुम्ही स्वतःला ऐकू यावं म्हणून ती फिरवता आणि तिकडे साउंडवाला शिव्या घालतो.

कॅब बंद करताना बरेच जण पॉवर अ‍ॅम्पचं मॉडेलिंगही बंद करतात, कारण “पॉवर अ‍ॅम्प बाहेर आहेच की”. बाहेरचा क्लास डी (हलका, स्विचिंग पद्धतीचा) किंवा ट्रान्झिस्टरचा असेल तर हे चूक आहे. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो. त्यामुळे स्पीकरच्या रेझोनन्सपाशी, म्हणजे साधारण ७५ ते १०० हर्ट्‌झच्या आसपास, आणि वरच्या पट्टीत आवाज आपोआप उचलला जातो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प स्पीकरला घट्ट धरून ठेवतो, म्हणून तोच कॅब कोरडा वाटतो. मॉडेलिंग चालू ठेवा, तरीही कोरडं वाटलं तर मॉडेलमधले रेझोनन्स (खालचा) आणि प्रेझेन्स (वरचा) हे कंट्रोल थोडे वाढवा. बाहेर खरा व्हॉल्व्ह पॉवर अ‍ॅम्प असेल तेव्हा मात्र ते बंद करून फरक ऐका.

जॅक चुकीच्या भोकात

ऑर्केस्ट्रातल्या जुन्या कॉम्बोला (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) मॉडेलर जोडायचा तर पुढच्या इनपुटला नाही, मागच्या एफएक्स रिटर्नला, म्हणजे थेट पॉवर अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या जॅकला. पुढे जोडलं की अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प आणि त्याचे टोन कंट्रोल तुमच्या मॉडेलवर दुसरा रंग फासतात. रिटर्न नसलेल्या अ‍ॅम्पमध्ये मॉडेलरमधलं अ‍ॅम्प आणि कॅब दोन्ही बंद ठेवून फक्त इफेक्ट वापरणं शहाणपणाचं. पॉवर अ‍ॅम्पला किंवा मिक्सरला जाताना मॉडेलरचं आउटपुट लाइन लेव्हलला, अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटला जाताना इन्स्ट्रुमेंट लेव्हलला. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरच्या मागचं माइक-लाइन बटणही लाइनवर आहे ना, हे बघा. आणि त्यातला डीएसपी, म्हणजे तयार टोनचं सेटिंग, ‘डीजे’ किंवा ‘बूस्ट’वर नको, ‘फ्लॅट’वर.

आणखी एक चूक भल्याभल्यांना चकवते. मेन आउट खराब आहे म्हणून हेडफोन आउटमधून स्टिरिओ जॅकची केबल थेट अ‍ॅक्टिव्ह स्पीकरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली जाते. बॅलन्स्ड इनपुट टिप (जॅकचं टोक) आणि रिंग (त्यामागचं कडं) यांच्यातला फरक घेतं. हेडफोनमध्ये टिप म्हणजे डावं, रिंग म्हणजे उजवं, आणि गिटार दोन्हीकडे सारखंच. फरक शून्य. मग गिटार गायब होते आणि फक्त रिव्हर्बचं भूत ऐकू येतं. लोक स्पीकर फाटला समजून उघडून बसतात.

वॅटचा हिशोब

मॉडेलरसाठी वॅट जास्तच लागतात, कारण अ‍ॅम्पने स्वतः फाटायचं नसतं. फाटण्याचं काम आत झालेलं असतं. क्लास डी क्लिप झाला, म्हणजे ताकद संपून फाटला, तर तो आवाज व्हॉल्व्हसारखा गोड नसतो. ड्रमरबरोबर वाजवायचं असेल तर ८ ओहमवर खरे १०० वॅट धरून चाला.

“खरे” हा शब्द महत्त्वाचा. सिमोर डंकनच्या पॉवरस्टेज १७० या पॉवर अ‍ॅम्पमधले १७० वॅट ४ ओहमचे आहेत. ८ ओहमचा कॅब लावला की कुठलाही असा अ‍ॅम्प साधारण निम्म्यावर येतो. पण म्हणून ओहम खाली न्यायचे नाहीत: अ‍ॅम्पवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली कधीच जाऊ नका. ८ चे दोन कॅब समांतर म्हणजे ४, १६ चे दोन म्हणजे ८, आणि एक ८ एक १६ म्हणजे ५.३. दोन चॅनेल ब्रिज केलेत, म्हणजे एका कॅबसाठी जोडलेत, तर प्रत्येक चॅनेलला कॅबचे निम्मेच ओहम दिसतात.

वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. ९७ डेसिबलचा (एका वॅटला एक मीटरवर) स्पीकर काढून १०० चा लावला तरी तेवढेच मिळतात, तेही अ‍ॅम्प न बदलता. सेलेशन कंपनीचा व्हिंटेज ३० हा स्पीकर १०० डेसिबलचा, ६० वॅटचा. त्यांचाच ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा, पण फक्त २५ वॅटचा. एकट्या ग्रीनबॅकवर २०० वॅटचा अ‍ॅम्प सोडणं म्हणजे कॉइल जाळण्याची तयारी. गिटारची खालची ई तार ८२ हर्ट्‌झची असते. स्टँडर्ड ट्यूनिंग असेल तर ८० च्या खालचं सगळं लो कटने (खालचा भाग कापणाऱ्या फिल्टरने) उडवा. तिथे फक्त कोन हेलकावतो, सूर नसतो.

घरी बांधताना

ऑनलाइन मिळणाऱ्या टीपीए ३११६ या क्लास डी चिपच्या बोर्डवर ‘१०० वॅट’ छापलेलं असतं. ते २ ओहमवर, एक चॅनेल करून, १० टक्के डिस्टॉर्शनसह मोजलेलं. तुमच्या ८ ओहमच्या कॅबवर हिशोब असा: २४ व्होल्टचा वर्ग ५७६, भागिले १६ (८ ओहमची दुप्पट), म्हणजे ३६ वॅट, आणि प्रत्यक्षात ३० च्या आसपास. घरी सरावाला हे पुष्कळ झालं. बँडसाठी टीपीए ३२५५ चा बोर्ड आणि ४८ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) घ्या. ८ ओहमवर १०० वॅट सहज निघतात. ३२५५ ला ५३.५ व्होल्टची मर्यादा आहे, म्हणून एसएमपीएसचा ट्रिमर फिरवण्याआधी मीटर लावा.

सगळ्यात जास्त बोर्ड जातात ते जॅकमुळे. या चिप ब्रिज आउटपुटच्या असतात: स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो, वजा म्हणजे ग्राउंड नव्हे. धातूचा साधा जॅक पत्र्याच्या चॅसीवर कसला की वजा टोक चॅसीला आणि अर्थला जोडलं जातं आणि आउटपुट शॉर्ट होतं. प्लॅस्टिक बॉडीचा इन्सुलेटेड जॅक किंवा स्पीकॉन (फिरवून लॉक होणारा स्पीकर कनेक्टर) वापरा. दोन चॅनेलचे वजा एकत्र बांधू नका, आणि स्पीकर आउटपुट मिक्सरला तर कधीच देऊ नका.

गेनचंही बघा. लाइन आउटपुट म्हणजे प्लस ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. ३११६ ला २४ व्होल्टवर पूर्ण आवाजासाठी १४ पट, म्हणजे साधारण २३ डेसिबल गेन पुरे. २० ला थोडं कमी पडतं. २६ वर ठेवून इनपुटला १० किलोओहमचा लॉग पॉट (व्हॉल्यूम नॉब) लावला की काम झालं. ३६ वर ठेवलात तर गाण्यांच्या मधल्या शांततेत नुसती फुसफुस ऐकू येते.

चॅसी उद्यमनगरातल्या कारखान्यात १६ गेजच्या पत्र्याची बेंड करून मिळते. मागचा आयईसी सॉकेट (कम्प्युटरला असतो तसा पॉवर सॉकेट) फ्यूजवाला घ्या, फ्यूज ३.१५ अँपिअरचा स्लो ब्लो. अर्थची वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर दातेरी वॉशर घालून बोल्टने कसा. नुसती एसएमपीएसच्या टर्मिनलवर सोडू नका. २३० व्होल्टची बाजू हाताळायची सवय नसेल तर तेवढं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. अ‍ॅम्प कॅबच्या आत बसवत असाल तर त्याला वेगळा कप्पा आणि हवेला वाट हवी. नट नायलॉकचेच (आत नायलॉनची रिंग असलेले), कारण कंपनाने साधे नट सुटतात आणि स्क्रू टर्मिनलमधली वायर हळूच बाहेर येते. आवाज मधेच जाऊन पाच मिनिटांनी परत येत असेल तर मात्र ते बहुधा तापणं असतं.

खोक्यासाठी १८ मिमी बर्च किंवा चांगला मरीन प्लाय. टिंबर मार्केटमधून घेताना कड बघा. थरांमध्ये पोकळी दिसली तर तो तुकडा सोडा, तो खडखडतो. पार्टिकल बोर्ड नकोच. जूनमध्ये पाऊस धरला की इथे महिना महिना ऊन दिसत नाही, आणि तो कडेने फुगतो. बाहेरून ४५० बाय ४५० बाय २८० मिमी केलं तर आत सुमारे ४२ लिटर मिळतात. एका १२ इंची गिटार स्पीकरला, मागून बंद किंवा अर्धं उघडं, दोन्ही चालतं. सेलेशनच्या बऱ्याचशा १२ इंचींना २८३ मिमीचं भोक लागतं, तरी स्पीकर हातात आल्यावरच भोक पाडा. बोल्ट टी-नटवर, समोरासमोरचे आळीपाळीने कसायचे. एकच बाजू आधी आवळली की बास्केट पिळते आणि कॉइल घासते. फुल रेंज हवं असेल तर सेलेशनच्या एफ१२-एक्स२०० सारखा कोअ‍ॅक्सिअल (मधोमध हॉर्न असलेला स्पीकर) घ्या, पण त्याला लिटरचा हिशोब निर्मात्याच्या कागदावरूनच.

स्पीकरची वायर दीड स्क्वेअर मिमीची दोन तारांची फ्लेक्स. गिटारची शिल्डेड केबल इथे चालत नाही. आतली तार केसासारखी असते, तापते.

हमिंग, आणि मांडवातली वीज

हम येतो म्हणून तीन पिनेच्या प्लगची अर्थ पिन उडवणं हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. आणि जीवघेणा. मॉडेलर आणि पॉवर अ‍ॅम्प एकाच बोर्डावर लावा, मिक्सरला जाणाऱ्या एक्सएलआरचा ग्राउंड लिफ्ट दाबा, तरीही राहिला तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय (सिग्नल वेगळा काढणारा डबा) घाला. गणेशोत्सवात जनरेटरवर वाजवायचं असेल तर प्लग लावण्याआधी मीटरने व्होल्टेज बघा. न्यूट्रल सुटलेला असला तर एखाद्या फेजवर ३०० च्या वर जाऊ शकतं, आणि मग एसएमपीएस जातोच.

पॅच खोलीत केला

हळू आवाजात कानाला खालचं आणि वरचं कमी ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून घरी बेस आणि ट्रेबल चढवलेला पॅच स्टेजवर घुमतो आणि टोचतो. पॅच बँडच्या आवाजातच पक्का करा, आणि तेही दिवसा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर तसाही बंद असतो. सपाट स्पीकरवर लो कट ८० ते १०० हर्ट्‌झ आणि हाय कट ६ ते ८ किलोहर्ट्‌झ इथून सुरुवात करा. डबा जमिनीवर ठेवला तर बेस फुगतो आणि हॉर्न पोटऱ्यांकडे तोंड करून बसतो. तिरका करून कानाकडे वळवा.

काहीच सुचेना तेव्हा

आधी हेडफोन लावा. तिथे आवाज ठीक असेल तर मॉडेलर निर्दोष. मग मॉडेलर काढून पॉवर अ‍ॅम्पला मोबाइलमधलं गाणं द्या, व्हॉल्यूम शून्यापासून वाढवत. तिथेही गडबड असेल तर केबल बदला, शेवटी अ‍ॅम्प सोडवून स्पीकरला मीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो, १६ चा १२ ते १३, ४ चा ३ ते ३.५. काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा वायर तुटलीय. दोन कॅब एकत्र लावल्यावर बेस उडाला तर एकाची पोलॅरिटी उलटी आहे: दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, अधिक टोक लाल टर्मिनलला, आणि दोन्ही कोन एकाच दिशेला सरकतात का ते बघा.