गेटवर बूम आले की बोलणार कोण? क्रायसिससाठी कंपनीचा प्रवक्ता असा तयार करा

एमआयडीसीतल्या एखाद्या केमिकल कंपनीत आग लागली किंवा गॅस गळती झाली की फायर ब्रिगेडच्या गाड्यांमागोमाग पाच-सहा बूम, म्हणजे चॅनलवाल्यांचे माईक, गेटवर येतात, आणि त्याच्याही आधी तालुक्यातल्या कुठल्यातरी यूट्यूब चॅनलवाल्याचं लाईव्ह सुरू झालेलं असतं. त्या वेळी कंपनीतर्फे पहिला कोण बोलतो? वॉचमन. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, कॅमेरा बंद करा" म्हणत तो लेन्सवर हात ठेवतो आणि तोच हात रात्रीपर्यंत सगळ्या चॅनलवर फिरत राहतो. म्हणून प्रवक्त्याचं ट्रेनिंग म्हटलं की मी सुरुवात एमडींच्या केबिनपासून नाही, गेटपासून करायला सांगतो. सिक्युरिटी आणि रिसेप्शनला दोन वाक्यं पाठ हवीत: "मला माहिती नाही म्हणून मी काही सांगत नाही. आमचे साहेब येऊन बोलणार आहेत, तोवर इकडे सावलीत थांबा." आणि फोन कुणाला लावायचा तो नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवलेला हवा, नाईट शिफ्टलासुद्धा उचलला जाईल असा.

आता माणूस निवडायचा. इथे सगळे हमखास मार्केटिंगच्या गोड बोलणाऱ्या माणसाला पुढे करतात आणि तोच सगळ्यात जास्त गोत्यात आणतो, कारण त्याला गप्प बसायची सवय नसते. प्लांट हेडला सगळं माहिती असतं पण तो तिसऱ्या वाक्यात रिअॅक्टरच्या प्रेशरवर घसरतो. एमडी बोलले तर वजन पडतं, पण ते मुंबईत असतात आणि घटना लोटे किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत झालेली असते. माझं मत विचाराल तर जागेवरचा एक, हेड ऑफिसचा एक, आणि दोघांपैकी कुणी आजारी किंवा विमानात असेल तर तिसरा, असे तीन जण तयार ठेवा. आणि माणूस मृत्युमुखी पडला असेल तर त्या दिवशी सगळ्यात वरच्या माणसाने निदान एकदा तरी कॅमेऱ्यासमोर यायलाच हवं, त्याला पर्याय नाही. निवडताना बोलण्याची सफाई बघू नका. चिडवल्यावर आवाज चढतो का, आणि 'मला अजून माहिती नाही' हे वाक्य तोंडातून न अडखळता निघतं का, एवढंच बघा.

ट्रेनिंगच्या आधी एक फाईल बनवा. प्लांटमध्ये काय बनतं ते दहावीच्या पोराला कळेल अशा चार ओळींत, कुठलं केमिकल साठवलेलं असतं आणि ते हवेत गेलं तर लोकांनी नेमकं काय करायचं, एका शिफ्टला कायमचे किती आणि कंत्राटी किती, शेवटचं सेफ्टी ऑडिट कधी झालं, डिश म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पोलीस स्टेशन, जवळचं हॉस्पिटल यांचे नंबर. ही फाईल नसेल तर प्रवक्ता कितीही तयारीचा असला तरी तो अंदाजच बोलणार. आणि प्रत्यक्ष घटनेच्या दिवशी आतून त्याला दर अर्ध्या तासाला माहिती कोण देणार हे नावानिशी ठरवा, नाहीतर मृतांचा आकडा त्याला रिपोर्टरच्या तोंडूनच कळतो.

पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात द्यायचं निवेदन आधीच लिहून ठेवता येतं, फक्त गाळलेल्या जागा भरायच्या. साधारण असं: "आज दुपारी ... वाजता आमच्या ... इथल्या कारखान्यात आग लागली. ... जण जखमी आहेत, त्यांना ... हॉस्पिटलमध्ये नेलंय आणि आमची माणसं त्यांच्यासोबत आहेत. आग कशामुळे लागली ते अजून कळलेलं नाही, तपास करणाऱ्या यंत्रणांना आम्ही सगळी माहिती देतोय. पुढची माहिती मी ... वाजता इथेच देईन." बघा, यात माणसं आधी आली, मशीन आणि प्रॉडक्शन आलंच नाही, आणि पुढची वेळ दिली. ती वेळ फार महत्त्वाची, कारण वेळ कळली की अर्धे बूम तुमच्या मागे पळायचे थांबतात. 'सर्व सुरक्षा नियमांचं काटेकोर पालन केलं जातं' हे वाक्य मात्र खोडा, आग जळतेय मागे आणि तुम्ही हे म्हणताय, बघणारा हसतो तरी किंवा शिवी तरी देतो.

आता मुख्य काम, मॉक, म्हणजे खोट्या मुलाखतीचा सराव. पीपीटी नको, टिप्स नको, मोबाईल ट्रायपॉडवर लावा, उजेडाचा दिवा तोंडावर मारा, चार जणांना बूमसारखं हातात काहीतरी धरून अंगावर यायला सांगा आणि रेकॉर्ड करा. पहिल्या फेरीत जवळपास सगळीकडे हेच होतं:

"आत किती माणसं होती?"

"शिफ्टला साधारण चाळीस असतात, बहुतेक सगळे बाहेर आले असतील."

इथे थांबवा, व्हिडिओ मागे घ्या आणि त्या 'असतील'वर बोट ठेवा. टीव्हीवर खालची पट्टी काय येणार ते त्यालाच म्हणायला लावा: 'कामगार आत अडकल्याची भीती, कंपनीकडेच आकडा नाही'. त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, फक्त माहिती नसताना गप्प राहवलं नाही. मग तेच परत: "मस्टरवरून मोजणी सुरू आहे. आकडा पक्का झाल्याशिवाय मी सांगणार नाही, कारण बाहेर घरची मंडळी उभी आहेत. साडेचारला सांगतो." हे उत्तर पहिल्यांदा देताना माणूस चाचरतो, पाच-सहा वेळा मोठ्याने बोलल्यावरच ते त्याचं होतं. मनातल्या मनात तयारी केलेला माणूस कॅमेऱ्यासमोर टिकत नाही.

आणि इतक्या मॉकनंतर माझं ठाम मत असं की प्रवक्ता अवघड प्रश्नाला पडत नाही, तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की पडतो. "चूक कुणाची?" पहिल्यांदा तो नीट उत्तर देतो, दुसऱ्यांदा तेच जरा चिडून, आणि तिसऱ्यांदा रिपोर्टरला काहीतरी नवीन द्यावं म्हणून मनचं काहीतरी जोडतो, "आता कामगारांनी पण काळजी घ्यायला पाहिजे ना". झालं. रिपोर्टरचा दोष नाही त्यात, त्याला डेस्कवरून फोन येत असतात की कारण विचार, कारण विचार. म्हणून मॉकमध्ये एकच प्रश्न सहा वेळा विचारा, शब्द बदलून, हळू आवाजात, ओरडून, "म्हणजे निष्काळजीपणा झाला असं आम्ही समजायचं का?" असं तोंडात शब्द घालून. उत्तर सहाही वेळा तेच यायला हवं आणि सहाव्या वेळीही आवाज पहिल्यासारखाच. शिवाय समोरच्याचा वाईट शब्द उचलून नाकारायचा नाही हे घोटून घ्या. "आम्ही निष्काळजी नाही" म्हटलं की बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं तुमचं बोलणं, कापून तेवढाच 'निष्काळजी' तुमच्या तोंडी चालतो.

नेहमीचे सापळे अजून आहेतच: सूत्रांनी सांगितलंय की दहा जण गेले, खरंय का (आकडा पोलीस आणि हॉस्पिटल देतील, तुम्ही नाही, आणि मृतांची नावं घरच्यांना कळेपर्यंत कुणीही नाही). नुकसानभरपाई किती देणार. उद्या परत असं झालं तर. आणि सगळ्यात वाईट, रिपोर्टर काहीच न विचारता नुसता बूम धरून बघत राहतो, ती शांतता भरून काढायला माणूस नको ते बोलतो. उत्तर संपलं की तोंड बंद, याचीही प्रॅक्टिस लागते. कंत्राटी कामगाराबद्दल "तो आमचा नव्हता, ठेकेदाराचा होता" हे तर कायमचं बाद करा, तुमच्या गेटच्या आत भाजला तो तुमचाच.

पुढचा प्रश्न आधी ओळखायला शिकवण्यासाठी मी मॅगीचं उदाहरण वापरतो. मॅगी नूडल्समध्ये शिसं जास्त असल्याचा आरोप झाला होता. ५ जून २०१५ ला नेस्लेचे जगभरचे सीईओ पॉल बुल्के दिल्लीत पत्रकारांसमोर बसले आणि म्हणाले मॅगी सुरक्षित आहे, आणि तरी ती बाजारातून काढून घेतोय, कारण लोकांचा विश्वास डळमळलाय. पुढे १३ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाने मॅगीवरची सरकारी बंदी रद्द केली आणि नोव्हेंबरात मॅगी परत आली ते वेगळं. पण त्या दिवशी घराघरात एकच प्रश्न होता, सुरक्षित आहे तर काढताय कशाला? तुमच्या निवेदनातल्या प्रत्येक वाक्यापुढे असा 'मग' लावून बघा, जिथे उत्तर नाही तिथे मॉक थांबवा आणि आधी आतला निर्णय नीट करा. दुसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर, महाराष्ट्र एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या आणि कॅडबरीने सुरुवातीला दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं, त्यावर एफडीएने पॅकिंगचाच मुद्दा काढला. नंतर कंपनीने 'प्रोजेक्ट विश्वास' नावाची मोहीम सुरू केली, पॅकिंग बदललं, २००४ मध्ये जाहिरातीत अमिताभ बच्चन आणले. पण पहिल्या दिवशी दुसऱ्याकडे बोट दाखवलं की तो दुसराही माईकसमोर येतो, हे लक्षात ठेवा.

भाषा. यावर कुणी बोलत नाही पण महाराष्ट्रात निम्मे घोटाळे इथे होतात. एकाच गेटवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी बाईट मागतात आणि माणूस सराव एका भाषेत करून येतो. २६/११ नंतर तेव्हाचे उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील, मराठी सभा गाजवणारे नेते, पत्रकारांशी हिंदीत बोलताना एवढ्या मोठ्या शहरात अशा छोट्या गोष्टी होत राहतात अशा अर्थाचं बोलून गेले, रान उठलं, आणि १ डिसेंबर २००८ ला त्यांनी राजीनामा दिला. मराठीत ते तसं बोलले असते असं मला वाटत नाही. म्हणून मॉक तिन्ही भाषांत वेगवेगळा घ्या, आणि ज्याची हिंदी कच्ची आहे त्याला सरळ सांगा, हिंदी बाईट दुसरा देईल. केमिकलचं नाव, 'जखमी', 'गंभीर', 'बेपत्ता' हे शब्द तिन्ही भाषांत आधी ठरवून ठेवा.

वकिलांचं आणि पीआरचं भांडण आधीच मिटवा. वकील म्हणणार काही बोलू नका, इन्शुरन्सवाला म्हणणार कारण सांगू नका, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं 'कंपनी प्रशासनाशी संपर्क होऊ शकला नाही'. ही ओळ वाचली की लोक काय समजायचं ते समजतात. दुःख व्यक्त करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, तर कुठल्या शब्दांत व्यक्त करायचं ते वकिलाला बसवून शांत दिवशी ठरवा. कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर सेबी या बाजार नियामकाच्या रेग्युलेशन ३० खाली महत्त्वाची घटना स्टॉक एक्स्चेंजला कळवावी लागते, कंपनीच्या आतली असेल तर १२ तासांत, बाहेरून आलेली असेल तर २४ तासांत, म्हणजे किती कोटींचं नुकसान झालं वगैरे प्रवक्त्याने गेटवर फेकायचं नाही, ते आधी तिकडे जाऊ द्या.

प्रत्यक्ष दिवशीचं थोडक्यात. उभं राहायची जागा तुम्ही निवडा, मागे ज्वाळा नको आणि कंपनीचा चकचकीत लोगोही नको. गॉगल काढा, च्युइंगम थुंका, फोन दुसऱ्याकडे द्या. ओळखीचा पत्रकार दिसला म्हणून हसून हात करू नका, तेवढीच फ्रेम उचलतात. कॉलर माईक निघेपर्यंत तुम्ही ऑनच आहात आणि 'ऑफ द रेकॉर्ड सांगतो' हा प्रकार त्या दिवशी अस्तित्वात नाही. फोनो, म्हणजे चॅनलला फोनवरून मुलाखत, देताना स्पीकरवर देऊ नका, समोर कागद ठेवा, आणि स्टुडिओत आणखी कोण बसलंय ते आधी विचारा, नाहीतर थेट पॅनलवर जाऊन पडाल. मुंबईचं मोठं चॅनल येईपर्यंत स्थानिक स्ट्रिंगरला, म्हणजे चॅनलना बातम्या पुरवणाऱ्या गावातल्या वार्ताहराला, ताटकळत ठेवू नका, त्याचंच फुटेज सगळीकडे जाणार आहे आणि महिन्याभरानेही तोच तुमच्या गेटवर असेल.

आणि स्वतःच्या त्रासाबद्दल चकार शब्द नको. मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर ११ माणसं गेली, तेल महिनाभर वाहत होतं आणि ३० मे २०१० ला बीपी या तेल कंपनीचे सीईओ टोनी हेवर्ड कॅमेऱ्यासमोर बोलून गेले की मला माझं आयुष्य परत हवंय. दमलेला माणूस असं बोलतो, म्हणून एका प्रवक्त्याला सलग चोवीस तास उभं करू नका, झोपायला पाठवा, दुसरा लावा.

बाईट झाल्यावर एकाने बसून प्रवक्ता काय काय बोलला ते टिपायचं, विशेषतः 'कळवतो', 'बघतो', 'देतो' असं म्हटलेलं सगळं. साडेचारला येतो म्हटलं असेल तर साडेचारला जायचंच, नवीन काही नसेल तरी "अजून मोजणी चालू आहे, पुढची वेळ सात" एवढं सांगायला जायचं. आणि गेटवर जायच्या आधी जखमींच्या घरच्यांना फोन झाला का ते विचारून घ्या.