मान बघा, मग रिपोर्ट

दवाखाना सुरू करून वर्ष झालं असेल. पस्तिशीच्या एक ताई मानेचा काळेपणा दाखवायला आल्या. "डॉक्टर, रोज घासते, पण मळ काही निघत नाही." घासून घासून कातडी सोलवटली होती. काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा, बाजूला दोन-तीन लोंबत्या चामखिळी. मी मलम लिहून दिलं. उपाशीपोटीची साखर ९६ आली, म्हणून "नॉर्मल आहे" असं सांगून घरी पाठवलं. चार वर्षांनी त्या आल्या तेव्हा साखर २४० होती. ही चूक माझी होती, आणि नव्यानं प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांनी ती करू नये म्हणून हे लिहितोय.

स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे झाले (यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात) की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवतं. हे वर्षानुवर्षं चालू शकतं. तोवर रिपोर्ट चांगलाच येतो. मानेवर, काखेत मात्र ते वाढलेलं इन्सुलिन अशा काळपट पट्ट्याच्या रूपात दिसू लागतं.

वजनकाट्यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण मांडलं होतं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडचा 'बारीक' माणूस आतून बारीक असेलच असं नाही.

म्हणून टेबलावर टेप ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर पोटाचा घेर मोजा. पुरुषात ९० सेंमी, बाईत ८० सेंमी गाठले की सावध व्हा. पॅन्टचा नंबर विचारून भागत नाही, कारण पट्टा पोटाच्या खाली बांधलेला असतो. साडी असेल तर परकराची नाडी सैल करायला सांगा, सिस्टरला मोजू द्या. टेप लागली की माणसं पोट आत घेतात. त्यांना बोलतं ठेवा.

मग विचारा: आईवडिलांना मधुमेह? गरोदरपणात साखर वाढली होती? पाळी वेळेवर येते? सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहिलंय? लिपिड (रक्तातल्या चरबीचा) रिपोर्ट असेल तर ट्रायग्लिसराइडला एचडीएलनं, म्हणजे चांगल्या कोलेस्टेरॉलनं, भागा. ३ च्या वर गेलं की माझी शंका बळावते. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, पण लोह कमी असलेल्या बाईत तो आकडा उगाच वाढलेला येऊ शकतो. आधी हिमोग्लोबिन बघा.

उपाशीपोटी इन्सुलिनची तपासणी मी सरसकट लिहीत नाही. लॅबगणिक आकडे बदलतात, सगळ्यांना लागू पडेल अशी एक सीमा नाही, आणि पैसे पेशंटच्या खिशातून जातात.

गेल्या महिन्यात त्याच ताई बावीस वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. "हिच्याही मानेवर तसंच दिसतंय." घेर ८६ भरला, साखर ९२. या वेळी मलम लिहिलं नाही. जेवणानंतरचं चालणं, ताटातला भात आणि तीन महिन्यांनंतरची तारीख, यावर आम्ही तिघं अर्धा तास बोललो.