पिसांका: अंड्यावर मेणानं लिहायचं कसं

युक्रेनियनमध्ये ‘पिसाती’ म्हणजे लिहिणं. पिसांका (मेण आणि रंगांनी नक्षी केलेलं अंडं) हा शब्द त्यावरूनच आला, म्हणून हे अंडं रंगवत नाहीत, लिहितात. 2024 मध्ये युनेस्कोनं या कलेला वारसा यादीत घेतलं. ती युक्रेनबाहेर गेलेल्यांच्या वस्त्यांतही जोमानं जगली. कॅनडात अल्बर्टातल्या वेग्रेविल गावात 1975 साली तर अॅल्युमिनियमची भलीमोठी पिसांकाच उभी केली. ईस्टरआधीच्या उपवासाच्या आठवड्यांत चर्चच्या सभागृहांत मेणबत्त्या लावून लहानथोर एकत्र लिहायला बसतात.

बाटिक (मेण लावून कापड रंगवणं) केलेल्यांना तत्त्व लगेच कळेल: जो रंग राखायचा तो मेणानं झाकायचा. सगळा विचार उलटा करावा लागतो, आणि नवशिके नेमके इथंच चुकतात.

साहित्य: पांढरं, तडा नसलेलं कच्चं अंडं, मधमाशीचं मेण, मेणबत्ती, किस्त्का (काडीला बांधलेलं बारीक पितळी नळकांडं), पिसांकाचे खास रंग. हे रंग खायचे नसतात. अंडं उकडू नका, ते टिकत नाही. आधी पोकळही करू नका, रंगात तरंगत राहतं. फ्रीजमधलं असेल तर तासभर बाहेर ठेवा. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून हलकं धुवा, घासू नका. नंतर हात कोरडे आणि स्वच्छ हवेत. बोटाचा तेलकट डाग पडला की तिथं रंग धरत नाही.

रंगाच्या एका पाकिटाला साधारण एक कप उकळतं पाणी आणि चमचाभर (मोठा) व्हिनेगर. नारिंगीत बहुधा व्हिनेगर घालत नाहीत, पाकीट वाचा. रंग पूर्ण थंड होऊ द्या. गरम रंगात मेण मऊ पडतं.

पेन्सिलीनं फिक्या रेघांनी अंड्याचे भाग पाडा. चुकलं तरी खोडरबर नको. किस्त्का ज्योतीत तापवा, मेणात खुपसा, आधी कागदावर टेकवा (पहिला थेंब तिथंच पडू दे), मग लिहा. किस्त्का स्थिर ठेवून अंडं फिरवा, रेघ सरळ येते.

आता पांढरं राहायला हवं तेवढं लिहा आणि पिवळ्यात बुडवा. टिपून कोरडं करा. पिवळं ठेवायचं ते झाका, मग नारिंगी, मग लाल, शेवटी काळा. फिका रंग पाच मिनिटांत चढतो, काळ्याला पंधरा लागतात. हिरवा हवा असेल तर पिवळ्यानंतर साध्या काडीनं नेमक्या जागी लावा, तो झाका आणि पुढं नारिंगीत बुडवा; हिरव्यावर थेट लाल घातला की मळकट तपकिरी होतं. मेणाचा ठिपका चुकून पडला तर खरवडू नका. त्याचं फूल करा.

काळा वाळला की मेण काढायचं. अंडं ज्योतीच्या वर धरलं तर काजळी बसते. ते ज्योतीच्या बाजूला धरून, मेण चमकू लागताच टिशूनं पुसायचं, एकेक तुकडा. रंग उघडतात ते इथंच, घाई करू नका.

वॉर्निश टर्पेंटाइननं पातळ होणारं घ्या. पाण्याचं वापरलं तर रंग ओघळतात. वाळल्यावर खालून भोक पाडून आतलं काढून टाका. भरलेलं ठेवायचंच असेल तर उन्हापासून दूर आणि हवेशीर जागी, बंद डब्यात कधीच नाही. आतला वायू साठून अंडं फुटतं, आणि मग खोलीत थांबवत नाही.